सत्ताविसांतला एक

पितळेची पाटी गेसाला आधी दिसलीच नाही. आधी दिसलं ते एवढंच, की दगडावरचा पिवळा कागद गेलाय.

तो कागद सगळा उन्हाळा आर्नोच्या थडग्यावर चिकटलेला होता. मुदत संपत आली, नातेवाइकांनी चर्चच्या कचेरीत यावं. आयकबोस्टेलमध्ये मेलेला माणूससुद्धा भाडेकरूच. तीस वर्षं जागा मिळते, मग सही करून मुदत वाढवा, नाहीतर दगड उचला, माती सारखी करा, पुढच्याला झोपू द्या. यात गावात कुणाला वावगं वाटत नाही, गेसालाही वाटलं नव्हतं. तिचा राग होता तो सहीवर. पन्नास साली नवरा गेला, कडेवर चार वर्षांची पोर, डोकं ठिकाणावर नाही, तेव्हा कचेरीत जाऊन सही केली ती थोरल्या दिरानं, एगर्टनं. झालं. तेव्हापासून त्या दगडाचा धनी एगर्ट. खाली झोपणार ती, आणि वर काय लिहायचं ते ठरवणार दीर.

आणि झोपणार म्हणजे झोपणारच. गावातल्या सगळ्या विधवांसारखं तिचंही नाव तेव्हाच कोरून ठेवलेलं होतं, आर्नोच्या नावाखाली. गेसा टीडेमान, १९२१, मग एक आडवी रेघ, आणि रेघेपुढं कोरा गुळगुळीत दगड. तीस वर्षं ही बाई दर शनिवारी स्वतःच्याच नावाला पाणी घालत आली होती.

आज मेलेल्यांचा रविवार. नोव्हेंबरातल्या या रविवारी चर्च सुटलं की अख्खं गाव स्मशानात येतं आणि थंडीआधी थडग्यांवर देवदाराच्या फांद्या अंथरतं, लेकराला पांघरूण घालावं तशा. गेसानं फांद्यांची टोपली खाली ठेवली, कंबर धरत सरळ झाली, आणि मग तिला ती दिसली.

दोन्ही नावांच्या बरोब्बर डोक्यावर. ताटाएवढी, लखलखीत, चार बोल्टांनी आवळलेली. वर शेपटीतून आग टाकणारं जेट विमान, आणि खाली: 'रात्रीचा शिकारी. सत्तावीस विजय. सोबत्यांकडून.'

"हे काय आहे, आई?" इम्के म्हणाली. पोर काल हाम्बुर्गहून आली होती. पोर कसली, चौतीस वर्षांची शाळामास्तरीण, पण गेसाला पोरच.

"तुझ्या काकाचं डोकं," गेसा म्हणाली. "चल."

"अगं पण फांद्या?"

"चल म्हटलं ना."

तिनं वेशीकडं एकदा पाहिलं. दुपारच्या बसनं म्हातारी माइनके येणार होती. दरवर्षी यायची, शेजारच्या लोहेनहून, आपला हार घेऊन. तिच्याआधी ही पाटी निघाली पाहिजे. बाकी जगात आज दुसरं काही काम नव्हतं.

*

एगर्टच्या घरात कॉफीचा आणि लोण्याच्या केकचा वास सुटला होता. टेबलाच्या वरच्या अंगाला पाहुणा बसलेला. ब्रांडेससाहेब. आता हॅनोव्हरला मोटारी विकतो, अंगावर चांगला कोट, बोटात जाड अंगठी. युद्धात आर्नोच्या तुकडीत कारकुनी अधिकारी होता. कुणी किती विमानं पाडली ते वर कळवायचं, हे याचं काम. खुर्चीत बसून.

"या वहिनी, या!" तो अर्धा उठला. "तुमचीच वाट बघत होतो."

"मला वहिनी म्हणू नका," गेसा म्हणाली. तिनं कोटही काढला नाही. "पाटी कुणी लावली?"

एगर्टनं केकचा तुकडा कॉफीत बुडवला. एगर्ट म्हणजे गावातल्या नेमबाजांच्या मंडळाचा अध्यक्ष, मान जाड, आवाज जाड. लहानपणी घोड्यानं गुडघा मोडला म्हणून त्याला लढाईवर नेलं नाही, ते त्याच्या मनाला आजही लागायचं.

"काल लावली," तो म्हणाला. "तुला गंमत दाखवायची होती."

"दिसली."

"सही पण केली मी. आणखी वीस वर्षं जागा आपलीच. आभार मानायचे सोडून..."

"मला विचारलंत?"

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

"नाही."

"मग! विचारून उपयोग काय?"

एगर्टची बायको वीबके कप भरता भरता खुदकन हसली, आणि जावेचा चेहरा बघून हसू गिळून टाकलं. "बस तरी गेसा. कॉफी घे. आजच्या दिवशी भांडण नको."

"भांडण मी नाही आणलं, जाऊबाई. ते चार बोल्ट लावून आलंय."

ब्रांडेसनं घसा खाकरला. गाडी विकणाऱ्याचा घसा तो, आपोआप गुळगुळीत व्हायचा. "बघा बाई, तुमचं दुःख मी समजतो. पण आर्नो एकट्या तुमचा नव्हता. गिरणीवाल्याचं पोर, सायकलला पैसे नव्हते घरी, आणि कुठवर गेला! टेकडीवरून बिनइंजिनाची विमानं उडवत शिकला, विसाव्या वर्षी दुसऱ्यांना शिकवायला लागला. मग शहरं जळायला लागली तेव्हा एकटा वर गेला. रडार नाही, सोबतीला कुणी नाही, खाली आग पेटलेली आणि त्या उजेडात शत्रू डोळ्यांनी शोधायचा..."

"आग म्हणजे माणसं जळत होती," इम्के म्हणाली.

"...आणि शेवटच्या हिवाळ्यात जेट! पुढं फिरता पंखाच नाही असलं विमान. अख्ख्या देशात रात्री ते उडवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. रोज रात्री इंग्रजांची ती लाकडी विमानं बर्लिनवर यायची, कुणाला सापडत नव्हती. आर्नोला सापडली! त्याच्यासारखा..."

"ते विमान बनवलं कुणी, ते सांगा की," इम्के टेबलावर पुढं झुकली. "जंगलात, बोगद्यात, पट्ट्यांच्या कपड्यातल्या कैद्यांनी. उपाशी मरता मरता. तेवढं पाटीवर बसलं नाही वाटतं? आई, मी कालही म्हटलं, आजही म्हणते. सोडून दे ती जागा. दगड उचलायला सांग. मला शाळेत पोरं विचारतात, तुमचे वडील युद्धात काय होते, मी सांगते, सुतार."

"लाज वाटते का गं बापाची?" एगर्ट गरजला. "त्याच्या नावावर या गावात मान मिळतो तुला!"

"मी या गावात राहत नाही, काका. मानाचं लोणचं घाला."

"गप्प बसा दोघं!"

गेसाचा आवाज इतका चढला की वीबकेच्या हातातली किटली थबकली.

"तू दगड उचला म्हणतेस, आणि हे पितळ ठोका म्हणतात. तुम्हा दोघांनाही तो माणूस नकोच आहे. यांना मिरवायला घोडा पाहिजे आणि तुला ओरडायला भूत. मला विचारा. माझ्या अंथरुणात होता तो. झोपेत उठून बसायचा आणि दिवा विझव, दिवा विझव म्हणून ओरडायचा. का ठाऊक आहे? उतरताना धावपट्टीचे दिवे क्षणभर लावायचे. वर इंग्रज घिरट्या घालत बसलेला असायचा, दिवे दिसले की मारायचा. दिवे नाही लावले तर झाडांत जाऊन आपटायचं. अशी ती शिकार. आणि कैदी म्हणशील, तर हो, पाहिलं होतं त्यानं. विमान आणायला गेला तेव्हा पाहिलं. दोन हाडांचे सापळे पंख उचलून आणत होते, एक पडला, दुसऱ्यानं वर बघितलं नाही. तुझ्या बापानं विमान ताब्यात घेतलं, त्यांनी दिलेली कॉफी प्यायला आणि उडाला. हे त्यानंच मला सांगितलं. कॉफी गरम होती हेसुद्धा सांगितलं. माफी नाही मागितली, कारण मागायची कुणाकडं?"

आईनं बापाला वाचवलं की बुडवलं, हेच इम्केला कळेना.

"पण मग तर," ती हळू आवाजात म्हणाली, "जागा सोडायला काय हरकत आहे?"

"जागा सुटणार नाही," गेसा म्हणाली. "आणि पाटी राहणार नाही. दगड होता तसा. दोन नावं. बस्स."

"का?" एगर्टनं टेबलावर हात आपटला. "कारण सांग एक! मंडळाला कळवून बसलोय मी. पुढच्या रविवारी नेमबाज वाजतगाजत हार घालायला येणार आहेत."

वीबके इतका वेळ गप्प होती. घरातल्या गप्प बाईला बोलायची वेळ बरोबर कळते. तिनं किटली खाली ठेवली. "मी सांगते कारण. आज म्हातारी माइनके यायची ना? हिला ती पाटी बघवत नाही असं नाही हो. हिला त्या थडग्यावर लोकांची नजरच नको आहे. लोक बघायला लागले की आठवतात. दर शनिवारी लोहेनची वाट कोण तुडवत होतं. माइनकेच्या लेकीसाठी, हेलासाठी. तिथूनच परत येताना बर्फावर आर्नोची सायकल घसरली आणि दुधाच्या गाडीखाली गेला. सगळ्या गावाला ठाऊक आहे, गेसा. आम्ही कधी तोंडावर आणलं नाही, एवढंच."

इम्के वळली. "आई? खरं आहे हे?"

हे मात्र पोरीला नवीन होतं. तीस वर्षं गावानं तिच्या पाठीमागं जे चघळलं, ते आज केकबरोबर ताटात वाढलं गेलं.

गेसानं सगळ्यांकडं एकेकदा पाहिलं. मग तिनं कोट काढला, खुर्चीच्या पाठीवर नीट टाकला, आणि बसली. तिचा आवाज खाली आला. असा आवाज खाली आला की माणसानं सावध व्हावं.

"ब्रांडेससाहेब. सत्तावीस म्हणता ना तुम्ही?"

"वरून मान्य झालेले. एक न् एक."

"तेविसावं सांगा."

ब्रांडेसनं अंगठी फिरवली. "आता इतक्या वर्षांनी..."

"मार्चात. बर्लिनच्या दक्षिणेला. बाकीचं मी सांगू का तुम्ही सांगता?"

"बाई, आजचा दिवस..."

"मी सांगते." ती एगर्टकडं वळली. "भावोजी, नीट ऐका. जेटमध्ये रडार नव्हतं. खालून दिव्यांचे झोत टाकायचे, त्या झोतात जे चमकेल त्याच्यावर हा सुटायचा. वेग असा की समोरचं विमान दिसलं म्हणेपर्यंत मागं जायचं. दोन इंजिनांचं काहीतरी झोतात आलं. यानं मारलं. पेटलं. खाली उतरून सांगितलं, यांनी लिहून घेतलं, वर कळवलं, सकाळी पेपरवाल्यालाही सांगून मोकळे. आणि सकाळी बटाट्याच्या शेतात विमान सापडलं. आपलंच. आपल्याच रात्रीच्या शिकाऱ्यांचं, आपलाच क्रॉस पंखावर. तीन पोरं होती आत."

एगर्टनं हातातला केक बशीत ठेवला.

"आर्नो यांच्यापुढं जाऊन उभा राहिला. म्हणाला, खोडा ते. हे काय म्हणाले? सांगा साहेब, काय म्हणालात?"

"त्या वेळची परिस्थिती..."

"म्हणाले, लिहिलेलं खोडता येत नाही. त्या तिघांना इंग्रजांनी पाडलं असं घरी कळवू, आणि तुझं तेविसावं तसंच राहील. देशाला आकडे पाहिजेत. खरं की खोटं?"

ब्रांडेसचा चेहरा लाल झाला होता. "युद्धात असं व्हायचं! एकदा नाही, शंभरदा! कुणी मुद्दाम केलं का? आणि आकडा तर आकडाच..."

"त्यातला रेडिओवाला," गेसा त्याच्यावरून बोलत गेली, "एकवीस वर्षांचा होता. डेटलेफ माइनके. लोहेनचा."

वीबकेचा हात तोंडावर गेला.

"कैदेतून सुटून आला आणि घरी येण्याआधी तिथं गेला आर्नो. सांगायला गेला होता. म्हातारीनं दार उघडलं, विचारलं, माझ्या डेटलेफला ओळखत होतास का रे? हा म्हणाला, लांबून. एवढंच बोलता आलं. तिनं बसवलं, सूप वाढलं. दुसऱ्या शनिवारी परत गेला सांगायला. सांगता येईना, म्हणून लाकडं फोडून आला. मग दर शनिवारी. पाच वर्षं. मी म्हणायचे, एकतर सांग, नाहीतर जाऊ नकोस. तो म्हणायचा, पुढच्या शनिवारी. तिची लेक हेला तेव्हा शहरात नर्स होती, जाऊबाई, घरात नसायचीच ती शनिवारी. पण तुम्हाला काय त्याचं! तुम्हाला रांड पाहिजे होती, तुम्ही ती तयार केलीत."

"मग तू बोलली का नाहीस?" वीबके रडवेली झाली. "तीस वर्षं तू ऐकून घेतलंस..."

"कारण ते म्हातारीच्या कानावर गेलं असतं. तुमच्या जिभा मला माहीत नाहीत होय? नवऱ्याला बाहेरख्याली म्हटलेलं मी सोसलं. पण तिला काय सांगणार? तिचा पोरगा गाडलाय तिकडं पूर्वेला, रशियन रणगाड्यांच्या सरावाच्या मैदानात, कुंपणाआत. कुणाला जाऊ देत नाहीत. तिला फांद्या घालायला थडगं नाही. म्हणून ती आर्नोच्या थडग्यावर हार ठेवते. यानं माझ्या डेटलेफला लांबून पाहिलं होतं, म्हणते. म्हणून जागा सोडायची नाही, इम्के. आणि म्हणून पाटी काढायची, भावोजी. ती बाई गुडघ्यावर बसून हार ठेवणार, आणि तिच्या कपाळासमोर तो आकडा. त्या आकड्यात तिचं पोरगं. विजय म्हणून मोजलेलं!"

एगर्ट आपल्या जाड हातांकडं बघत होता. माणूस वाईट नव्हता, पण डोकं सरळ रेघेत चालायचं. तो विचार करून करून म्हणाला,

"मग आपण सव्वीस करून घेऊ."

"काय?"

"पाटीवर. सव्वीस कोरून घेऊ. ब्रांडेससाहेब देतील बदलून."

गेसा उठली ती खुर्ची मागं पडली.

"आणि त्या सव्विसांना आया नव्हत्या?"

एगर्ट दचकला. असा दचकला की जणू त्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी साधा प्रश्न विचारला होता.

"इंग्लंडात कुठंतरी फांद्या घेऊन उभ्या असतील त्या आज! त्यांनी आपली शहरं जाळली, ते खरं. म्हणून त्यांचा मुडदा माझ्या डोक्यावर दागिना? मी झोपणार आहे तिथं, भावोजी! तुम्ही नाही, हे मोटारवालेही नाहीत. मी! पाटी राहिली ना, तर उद्या दगडवाल्याला बोलावते आणि माझं नाव छिलून काढते. गावाला सांगा मग, टीडेमानांची सून नवऱ्याशेजारी निजायला नाही म्हणाली. बघू नेमबाज कसे वाजवत येतात!"

इम्के आधीच उठून आईचा कोट हातात घेऊन उभी होती. "पाना कुठं आहे, काका?"

"पाटी आमच्या माजी सैनिकांच्या संघटनेची मालमत्ता आहे," ब्रांडेस म्हणाला, "असं परस्पर तुम्हाला..."

"तुम्ही केक खा," वीबके त्याला म्हणाली. आणि तिनंही आपली शाल ओढली.

*

एगर्टही मागोमाग आला होता, पण पाना चाललाच नाही. ब्रांडेसनं बोल्ट लावून त्यांची डोकी मोडून टाकली होती, चोरांनी पितळ नेऊ नये म्हणून. इम्केनं पाना लावला, पक्कड लावली, बोटं सोलून घेतली. बोल्ट आपले जागच्या जागी.

"बस आली," वीबके म्हणाली.

कोपऱ्यावर बसचं दार उघडलं, मिटलं. काळ्या कोटातली एक वाकलेली आकृती काठी टेकत फाटकाकडं यायला लागली. दुसऱ्या हातात देवदाराचा हार.

"झाका," गेसा म्हणाली. "फांद्या घ्या. झाका ते."

चौघं गुडघ्यावर बसली. टोपलीतल्या सगळ्या फांद्या दगडाशी उभ्या रचल्या. पितळ मेलं फांद्यांतूनही चमकत होतं. इम्केनं गळ्यातला हिरवा रुमाल सोडून आत कोंबला. थडगं असं दिसायला लागलं की जणू दगडालाच थंडी वाजतेय.

"अगंबाई, यंदा किती दाट घातल्यात!" माइनके पोचली. पंच्याऐंशीच्या पुढची, गाल सुरकुतलेले, डोळे मात्र लख्ख. "आणि सगळं घरदार आलंय. बरं झालं. एकटीनं किती करशील, गेसा?"

"बसा मावशी, इकडच्या कडेला बसा."

"बसते. आधी त्याला पुसते." तिनं कोटाच्या खिशातून रुमाल काढला. दरवर्षी ती हार ठेवण्याआधी दगड पुसायची, नावाच्या वरचं शेवाळ नखानं काढायची. गेसा हे विसरली नव्हती. तिला वाटलं होतं, फांद्या बघून म्हातारी राहू देईल. म्हातारी कसली राहू देते! काठी टेकून ती पुढं झाली आणि पाटीवरच्या फांदीला तिनं हात घातला.

गेसानं हात पुढं केला, पण तो पोचला नाही.

आणि एगर्ट मध्ये आला. नेमबाजांचा अध्यक्ष, रविवारची काळी विजार, मोडका गुडघा, तसाच चिखलात फतकल मारून बसला. दगडाला पाठ लावून. रुंद पाठ, सगळी पाटी मागं गेली.

"मी पुसतो, मावशी," तो म्हणाला. "तुम्ही वाकू नका. द्या तो रुमाल."

"असा पाठमोरा पुसणार होय रे?"

"हां."

म्हातारी त्याच्याकडं बघत राहिली. त्याच्या कपाळावर थंडीतही घाम आला होता. तिनं रुमाल दिला. एगर्टनं हात मागं घालून चाचपडत आर्नोचं नाव पुसलं. मग खालचं, गेसाचं पुसलं. मग पुन्हा आर्नोचं.

"तुझा भाऊ असाच," माइनके म्हणाली. "लाकडं फोडायचा ना, तो पाठ करून फोडायचा माझ्याकडं. पाच वर्षं आला, पण चेहरा काही मी त्याचा धड बघितला नाही. मी हेलाला म्हणायचे, या पोराच्या पोटात काहीतरी आहे. विचारावं की नाही? मग म्हटलं, विचारलं तर येणार नाही."

ती वाकली, हार एगर्टच्या पायाशी ठेवला, कारण दुसरीकडं जागाच नव्हती. थोडा वेळ ओठ हलवत उभी राहिली. मग गेसाच्या हातावर थोपटलं. "परतीची बस चुकेल. जाते गं."

"मी सोडते गाडीनं, आजी," इम्के म्हणाली. तिनं म्हातारीचा हात आपल्या हातात घेतला आणि दोघी सावकाश फाटकाकडं गेल्या.

फाटक वाजलं तरी एगर्ट उठला नाही.

"वीबके," तो म्हणाला, "घरून छिन्नी आण. आणि मोठा हातोडा."

"आज? अहो, मेलेल्यांचा रविवार आहे. आज कुणी खिळा ठोकत नाही. पाद्रीबाबा..."

"आण म्हणतो ना."

आणि मग आयकबोस्टेलनं ते ऐकलं. ज्या दिवशी गावात बाजा वाजत नाही, लाकूड चिरत नाहीत, लोक शिंकसुद्धा रुमालात दाबतात, त्या दिवशी टीडेमानांच्या थडग्यावर हातोडा वाजत होता. घण, घण, घण. पाद्रीबाबांची खिडकी उघडली. रस्त्यावर माणसं थांबली. शेजारच्या थडग्यांवर वाकलेल्या बाया ताठ झाल्या. एगर्ट कुणाकडं बघत नव्हता. पितळ दुमडलं, विमानाची शेपटी वाकडी झाली, एक बोल्ट तुटला, दुसरा तुटला. चौथ्याला पाटी खाली पडली तेव्हा ती त्यानं उचलून वीबकेच्या हातात दिली.

"त्याला नेऊन दे. उरलेल्या केकबरोबर बांधून दे. म्हणावं, मालमत्ता मोजून घ्या."

दगडावर चार तुटकी टोकं राहिली, आणि कडेला छिन्नी घसरल्याचा एक पांढरा ओरखडा. एगर्टनं त्यावरून अंगठा फिरवला. "हे उद्या घासून काढतो."

"घासू नका," गेसा म्हणाली. तिचा राग गेला नव्हता. तो इतक्यात जाणारा नव्हताच. "राहू दे तसंच. उद्या सकाळी कचेरीत चला माझ्याबरोबर. सही माझ्या नावावर करून द्यायची."

"देतो."

"नेमबाज येणार नाहीत."

"नाही येणार." त्यानं हातोडा खाली ठेवला. "लोक विचारतील, गेसा. सांगू काय?"

"सांगा, तुमच्या भावजयीला दागिन्यांची हौस नाही."

तिनं माइनकेचा हार चिखलातून उचलला, झटकला, आणि त्या तुटक्या टोकांवर अडकवला. बरोबर बसला. मग खाली बसून ती विस्कटलेल्या फांद्या एकेक करून सारख्या अंथरायला लागली, आधी त्याच्या बाजूला, मग आपल्या. रेघेपुढच्या कोऱ्या जागेवर चिखल उडाला होता, तो तिनं खिशातल्या हातमोज्यानं पुसला.

"आता या दगडावर एकच आकडा बसायचा राहिलाय, भावोजी," ती म्हणाली. "माझा. आणि तो बसवायची मला काडीची घाई नाही."